नळाची दोन तोंडे : 'त्सिनोर' या हिब्रू शब्दाचा प्रवास



मागच्या खेपेला आम्ही यहुदी परंपरेतल्या शुद्धीच्या कल्पनेबद्दल बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ थांबले. पिंपरीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची सारी नोकरी पाइप तपासण्यात गेलेली. त्यांनी साधा प्रश्न विचारला, "सर, हिब्रूत पाइपला काय म्हणतात?" आम्ही लगेच उत्तर दिले, "त्सिनोर." त्यावर ते म्हणाले, "पण म्हणजे नळ, पन्हळ, पाट की बोगदा?" इथे आम्ही अडकलो. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने शब्द उच्चारला म्हणजे त्याला अर्थ ठाऊक आहे असे लोक धरून चालतात. त्या दिवशी तसे नव्हते. घरी जाऊन आम्ही कोश काढले, मग जुने ग्रंथ काढले, आणि त्या एका प्रश्नाचे आजचे हे व्याख्यान झाले.

आधी उच्चार. हिब्रूत 'त्सादी' नावाचे अक्षर आहे. इंग्रजी लिहिणारे त्यासाठी 'टी' आणि 'एस' अशी दोन अक्षरे जोडतात. आपल्याला त्याची गरज नाही, कारण हा उच्चार आपल्याकडे आहेच. 'चाकण' म्हणा. आता 'चिंचवड' म्हणा. दोन्हीकडे लिहितो आपण 'च'च, पण चाकणचा 'च' दातांवर आपटतो आणि चिंचवडचा टाळूवर. त्सादीचा आजचा उच्चार म्हणजे चाकणचा 'च'. गंमत अशी की त्याच्यापुढे 'इ' आली की मराठी जीभ आपोआप चिंचवडकडे वळते. म्हणून 'त्सिनोर' म्हणताना थोडं अडखळायला होतं. चाकणचा 'च' घेऊन त्याला चिंचवडची वेलांटी लावायची, की झाला उच्चार.

दोनच जागा

हिब्रू बायबलात हा शब्द फक्त दोन ठिकाणी येतो. एवढ्या मोठ्या ग्रंथात दोनदा. कोशकाराच्या दृष्टीने ही संकटाची स्थिती असते, कारण अर्थ ठरतो वापरावरून, आणि इथे वापरच दोन.

पहिली जागा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातली, पाचव्या अध्यायातली. दावीद राजा यरुशलेम जिंकायला निघाला आहे. परंपरेप्रमाणे काळ इ.स.पू. 1000 च्या सुमाराचा. शहर यबूसी लोकांच्या ताब्यात आहे. तटावरचे लोक त्याची थट्टा करतात की, आमचे आंधळे-पांगळेसुद्धा तुला परतवून लावतील. त्यावर दावीद आपल्या माणसांना काहीतरी सांगतो. जो कोणी यबूस्यांवर घाव घालेल त्याने 'त्सिनोर'ला पोचावे, किंवा स्पर्श करावा, किंवा त्यातून जावे. क्रियापद मुळात 'स्पर्श करणे' या अर्थाचे आहे आणि वाक्य पुढे अर्धवट तुटते. तेच युद्ध इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातही सांगितले आहे. तिथे यवाब पहिला वर चढला आणि सेनापती झाला असे येते, पण 'त्सिनोर' हा शब्दच तिथून गायब आहे. पुढच्या लेखकालाही तो कळला नसावा, असे काही अभ्यासक म्हणतात.

दुसरी जागा बेचाळिसाव्या स्तोत्रातली. देवापासून दूर पडलेला एक भक्त आपल्या दुःखाचे वर्णन करताना म्हणतो की देवाच्या 'त्सिनोरां'च्या आवाजात एक अथांग पाणी दुसऱ्या अथांग पाण्याला साद घालते आहे. इथे पाणी नक्की आहे आणि मोठा आवाजही आहे. पण हा धबधबा, की आकाशाचे उघडलेले दरवाजे, की डोंगरातले घळ? ज्याने त्याने आपापले चित्र काढले.

भाषांतरकारांची तारांबळ

आता बघा, पुढच्या दोन हजार वर्षांत या शब्दाचे काय काय झाले. बायबलाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात दावीदाच्या गोष्टीतला 'त्सिनोर' चक्क खंजीर झाला. त्याच परंपरेत स्तोत्रातला 'त्सिनोर' मात्र पाण्याचा लोट राहिला. लॅटिन भाषांतरात दावीदाच्या वाक्यात 'छपरांच्या नळ्या' आल्या. सतराव्या शतकातल्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात 'गटर' आले. अरामी भाषेत याच्या जवळचा एक शब्द आकड्यासाठी आहे, म्हणून काहींनी तटावर चढायचा आकडा असा अर्थ लावला. 1928 मध्ये सुकेनिक या पुरातत्त्वज्ञाने हा त्रिशूळासारखा शस्त्राचा प्रकार असावा असे सुचवले.

खंजीर, गटर, आकडा, त्रिशूळ. हे सगळे विद्वान लोक होते, आळशी नव्हते. त्यांच्यापुढे वाक्य होते, पण ते वाक्य ज्या गावात घडले त्या गावाची पाण्याची व्यवस्था त्यांच्यापुढे नव्हती. अलेक्झांड्रियात बसलेल्या माणसाला यरुशलेमचे पाणी कुठून येते हे ठाऊक असायचे कारण काय? त्याला एवढेच दिसत होते की लढाई आहे, घाव आहे, स्पर्श आहे. म्हणजे शस्त्र असणार.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातही येऊन गेला आहे, हे आम्हाला मुद्दाम सांगायचे आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये बसून बायबलाचे मराठी भाषांतर केले, तेही इंग्रजीवरून नव्हे, मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून. त्यासाठी उतारवयात त्या या भाषांचा अभ्यास करत राहिल्या. एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. त्याच्याही आधी, 1874 साली, पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायची 'हग्गादा' हिब्रू आणि मराठीत छापली गेली, कोकणातून आलेल्या बेने इस्राएल समाजासाठी. हे लोक घरात मराठी बोलणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. तेव्हा हिब्रू ही आपल्यासाठी फार लांबची भाषा आहे असे समजू नका. रास्ता पेठेतल्या त्यांच्या प्रार्थनामंदिरात ती ऐकू येते.

सापडलेला आणि हरवलेला त्सिनोर

1867 साली चार्ल्स वॉरन नावाचा इंग्रज लष्करी अभियंता यरुशलेमच्या गीहोन झऱ्यापाशी बोगदे शोधत होता. त्याला खडकात एक उभी विहिरीसारखी पोकळी सापडली, सुमारे 13 मीटर खोल. खाली झऱ्याचे पाणी, वर तटाच्या आत जाणारा बोगदा. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फादर व्हिन्सेंट आणि इतर अभ्यासकांनी दोन आणि दोन चार केले. हाच तो त्सिनोर! यबूसी लोक वरून पोहरा सोडून पाणी काढत असतील, आणि यवाब रात्री याच पोकळीतून वर चढून शहरात शिरला असेल. किती छान जमले. अनेक पुस्तकांत, प्रवासी मार्गदर्शिकांत आणि शाळांच्या धड्यांत ही गोष्ट गेली. आमच्याही वर्गात आम्ही ती खुशाल सांगितलेली आहे.

मग 1995 पासून रॉनी राइख आणि एली शुक्रॉन यांनी तिथे पुन्हा उत्खनन केले. त्यांना दिसले की ती उभी पोकळी माणसाने खोदलेली नाही, खडकात निसर्गतः तयार झालेली आहे. वरचा जुना बोगदा ज्यांनी खोदला, त्यांना तिचा पत्तासुद्धा लागला नव्हता. त्या काळी बोगद्याची जमीन उंचावर होती. दावीदाच्या नंतर, कित्येक पिढ्यांनी, ती जमीन खाली खोदली तेव्हा पोकळीचे तोंड उघडे पडले. म्हणजे यवाब त्यातून चढला असेल तर त्याने आधी खडक फोडला पाहिजे. त्याऐवजी उत्खननात झऱ्याभोवती प्रचंड दगडी बुरूज आणि एक मोठा हौद सापडला. तो दावीदाच्याही कितीतरी शतके आधीचा.

इथे थांबून आम्ही एक कबुली देतो. शब्दाला जागा मिळाली की आपल्याला फार समाधान वाटते. शब्द इथे, वस्तू तिथे, दोन्ही जुळले, संपले. पण ते समाधान म्हणजे पुरावा नाही. पुढे ज्या नळाकडे आम्ही वळणार आहोत, तिथे ही गोष्ट आम्हाला लक्षात ठेवायची आहे.

तरी उत्खननाने एक गोष्ट पक्की केली. डोंगरावरच्या त्या गावाचा जीव खालच्या झऱ्यात होता आणि तो झरा तटाबाहेर उतारावर होता. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राजे तिथे खोदत राहिले. इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीस हिज्कीया राजाने 533 मीटर लांबीचा बोगदा खणून झऱ्याचे पाणी शहराच्या आत वळवले. दोन बाजूंनी दोन टोळ्या खणत आल्या आणि मध्ये एकमेकींचे आवाज ऐकून भेटल्या. तो क्षण कामगारांनीच कोरून ठेवावा तसा एक शिलालेख 1880 मध्ये त्या बोगद्यात सापडला. राजाचे नावसुद्धा त्यात नाही. आहे ते कुदळींचे आणि हाकांचे वर्णन. त्या शिलालेखात 'त्सिनोर' हा शब्द नाही, खोदकामासाठी वेगळाच शब्द आहे.

नळ म्हणजे भांडे का?

इ.स. 200 च्या सुमारास रब्बींच्या धर्मशास्त्राचे संकलन झाले. त्याला 'मिश्ना' म्हणतात. इथे 'त्सिनोर' अगदी घरगुती शब्द होऊन बसला आहे. छपराचे पाणी वाहून नेणारी पन्हळ, हौदात पाणी आणणारी नळी. अर्थाबद्दल कुणालाच शंका नाही. शंका आहे ती वेगळीच, आणि आमच्या मते फार खोल आहे.

यहुदी शुद्धिस्नानाच्या कुंडाला 'मिक्वे' म्हणतात. त्यात किमान चाळीस 'सेआ' पाणी लागते, आणि ते पाणी नैसर्गिकपणे आलेले असावे लागते, पावसाचे किंवा झऱ्याचे. भांड्यात भरून आणून ओतलेले पाणी चालत नाही. ठीक. पण पाणी नळातून आले तर? नळ हे भांडे आहे का?

उत्तर असे की नळ भांडे नाही, कारण त्याला दोन्ही बाजूंनी तोंड आहे. तो पाणी धरत नाही, जाऊ देतो. पण एखाद्याने नळाच्या तळाशी खडे अडकण्यासाठी खळगा केला, तर? आता तो थोडे का होईना पाणी धरतो. लाकडी नळ असेल तर कितीही लहान खळगा त्याला भांडे बनवतो. मातीचा असेल तर खळग्यात एक 'रेवीइत', म्हणजे साधारण दीड अंड्याएवढे पाणी मावले पाहिजे. हसू नका. खाली भांडी ठेवली आणि विसरली तर काय, यावर शम्माय आणि हिल्लेल या दोन संप्रदायांचा वाद झालेला आहे.

ताल्मुदात याच्याही पुढचा एक भेद आहे. आधी कोरला आणि मग जागेवर बसवला असा नळ कुंडाला बाधक ठरतो. आधी जागेवर बसवला आणि मग कोरला, तर बाधक नाही. का? पहिल्या प्रकारात नळ सुटा असतानाच वस्तू झाला होता. दुसऱ्या प्रकारात तो आधी जमिनीचा भाग झाला, आणि कोरले गेले ते जमिनीत. पुढच्या भाष्यकारांनी यात बरेच बारकावे काढले, पण मूळ प्रश्न हा आहे : नळ ही वस्तू, की नळ ही जमीन?

आमच्या त्या गृहस्थांना आम्ही फोनवर हे सांगितले तेव्हा ते एकदम म्हणाले, "सर, हायड्रो टेस्टमध्ये आम्ही हेच करायचो. दोन्ही तोंडं ब्लँक करायची, आत पाणी भरायचं, प्रेशर चढवायचं, आणि गेजचा काटा पडतो का बघायचं. तेवढा वेळ पाइप म्हणजे टाकीच की!" कुठले रब्बी आणि कुठली पिंपरी, पण प्रश्न एकच. तोंडे बंद केली की नळाचे भांडे होते, आणि भांडे झाले की त्याला मालक येतो.

वर चढलेला अर्थ

पुढचा प्रवास आम्ही थोडक्यात सांगतो. मध्ययुगातल्या कब्बाला या गूढवादात 'त्सिनोर' आकाशात गेला. ईश्वराच्या दहा विभूती मानल्या आणि त्यांना जोडणारे मार्ग म्हणजे 'त्सिनोरोत', नळ. त्यांतून कृपा खाली वाहते. अठराव्या शतकातल्या हसिदी संतांच्या शिकवणुकीत सत्पुरुष स्वतःच असा नळ होतो. स्वतःसाठी काही धरून ठेवत नाही म्हणूनच त्याच्यातून जगाला मिळते. रब्बींचा तोच नियम इथे नीतीचा झाला. खळगा पडला की बाधला.

स्तोत्रे गाताना अक्षरांवर स्वरचिन्हे देतात, त्यांतल्या एका चिन्हाचे नावही 'त्सिनोर' आहे. आधुनिक हिब्रूत नळाला, पाइपला सरसकट 'त्सिनोर' म्हणतात. सरकारी 'चॅनेल'मधून अर्ज गेला तर तोही 'त्सिनोरोत'मधून गेला. जखऱ्या संदेष्ट्याच्या दृष्टांतात सोन्याच्या समईला तेल पुरवणाऱ्या नळ्यांसाठी याच्या जवळचा एक दुर्मीळ शब्द आहे. त्याच्यावरून आजच्या हिब्रूत हृदयात घालायच्या कॅथेटरचे नाव पडले. ती समई आणि तिच्या दोन बाजूंची जैतुनाची पाने 1949 मध्ये इस्राएलचे राजचिन्ह झाली.

आणि एक गोष्ट. 1947 मध्ये नेगेवच्या वाळवंटातल्या वस्त्यांना पाणी न्यायचे होते. अभियंता सिम्हा ब्लास यांनी त्यासाठी लंडनहून जुने पोलादी पाइप आणले. महायुद्धात जर्मन बाँबहल्ल्यांनी लागलेल्या आगी विझवण्यासाठी ते तिथे टाकले होते. याच ब्लास यांनी पुढे नळीला थेंबाथेंबाने पाणी सोडायची युक्ती जोडली आणि 1960 च्या दशकात तिचे उत्पादन सुरू झाले. हिब्रूत तिला 'तिफ्तुफ' म्हणतात, आपण 'ठिबक'. दोन्ही भाषांनी थेंबाचा आवाज ऐकूनच नाव ठेवले.

आपला नळ

आता घरी येऊ. संस्कृतात 'नल' किंवा 'नड' म्हणजे बोरू, पोकळ गवत. त्याचा आपला नळ. शरीरात नलिका, पायाला नळीचे हाड, सोनाराच्या हातात फुंकनळी. हिब्रूतही बोरूला 'काने' म्हणतात, आणि तोच जुना सेमिटिक शब्द ग्रीक-लॅटिनमधून फिरत युरोपात 'कॅनल' आणि 'चॅनेल' झाला. म्हणजे माणसाने पहिला पाइप विकत घेतला नाही, नदीकाठी तोडला. पण मराठीत एक वेगळेपणा आहे. जमिनीखालून येते ती वाहिनीही नळ, आणि भिंतीतून बाहेर येते ती तोटीही नळ. "नळ फुटला" म्हणजे रस्ता खोदायचा, आणि "नळ गळतोय" म्हणजे वॉशर बदलायचा. आपल्याला नळ दिसतो तो फक्त त्याच्या शेवटच्या तोंडाशी.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून पुण्यात जमिनीखालून पाणी आणले. दगडी बांधणीची ती वाहिनी शनिवारवाड्यापर्यंत आली आणि वाटेत पेठापेठांतल्या हौदांना पाणी मिळाले. ठिकठिकाणी तिला उभी तोंडे ठेवली होती, हवा खेळण्यासाठी आणि उतरून गाळ काढण्यासाठी. त्यांना नाव होते 'उच्छ्वास'. वॉरनची ती उभी पोकळी डोळ्यांसमोर आणायची असेल तर पुणेकराला उच्छ्वास आठवला तरी पुरे. ही वाहिनी मधल्या वाटेवरही श्वास घेत होती, मधल्या लोकांनाही पाणी देत होती.

अर्थात सगळ्यांना नाही. हौदावर कोण येईल हे जात ठरवत होती. म्हणून 1868 मध्ये जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही पाण्याच्या इतिहासातली मोठी घटना आहे. नळ कितीही निर्मळ असला तरी त्याच्या तोंडाशी माणूसच उभा असतो.

आणि आता तो विषय, ज्यासाठी आम्ही इथवर आलो. पिंपरी-चिंचवडला पाणी पवना धरणातून मिळते. धरणातून पाणी नदीत सोडायचे, ते वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत यायचे, तिथून उचलून निगडीला शुद्ध करायचे आणि शहराला द्यायचे. पवना इथे आपला नैसर्गिक त्सिनोर आहे, उघडा. शहर वाढले, 1982 मध्ये महानगरपालिका झाली, कारखाने चाकणपर्यंत पसरले. मग धरणापासून निगडीपर्यंत सुमारे 35 किलोमीटरची बंद जलवाहिनी टाकायचे ठरले. शहराची बाजू खोटी नव्हती. नदीत सांडपाणी मिसळते, पाणी वाटेत कमी होते, उपसायला वीज लागते. बंद नळातून ते उताराने आपोआप येईल. मावळातल्या शेतकऱ्यांची बाजूही खोटी नव्हती. नदी वाहते म्हणून काठच्या मोटारी चालतात, विहिरींना झरे राहतात. पाणी नळात गेले की नदीचे काय, आणि धरणासाठी एकदा जमीन दिलेल्यांनी नळासाठी पुन्हा किती द्यायची?

9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मरण पावले, त्यांत एक स्त्री होती. काम थांबले. शहरात 2019 च्या अखेरीपासून पाणी एक दिवसाआड येऊ लागले, आणि चावीवाला कधी येतो याकडे सोसायट्यांचे डोळे लागले.

आम्ही पाणीतज्ज्ञ नाही. जलवाहिनी व्हावी की नको, याचा निवाडा या व्यासपीठावरून करणे हा आगाऊपणा होईल. शब्दाला जागा मिळाली की होणाऱ्या समाधानाबद्दल मघाशी जे बोललो, ते इथेही लागू आहे. जुन्या ग्रंथातला नियम उचलून मावळच्या प्रश्नावर ठेवला की उत्तर मिळाले, असे होत नाही. पण प्रश्न नीट विचारायला त्या रब्बींची मदत होते. नदी ही आधी बसलेली आणि मग कोरली गेलेली वाहिनी आहे, ती जमीनच आहे. तिच्यातले पाणी काठावरच्या प्रत्येकाच्या दारावरून जाते, आणि शतकानुशतके त्या जाण्यावर लोकांनी घर-शेती उभी केलेली असते. पाइप मात्र आधी कारखान्यात तयार होतो आणि मग जागेवर बसतो. तो वस्तू म्हणून येतो, त्याला मालक असतो, वरचे तोंड एकाकडे आणि खालचे दुसऱ्याकडे. मधले पस्तीस किलोमीटर त्याच्या हिशेबात नसतात. उघड्या वाहिनीच्या जागी बंद वाहिनी येते तेव्हा फक्त पाणी नेण्याची रीत बदलते असे नाही, त्या पाण्याशी असलेले मधल्या लोकांचे नाते बदलते. अंदाजपत्रकात पाइपचा व्यास लिहिता येतो, लांबी लिहिता येते. हे नाते कुठल्या रकान्यात लिहायचे? ते कुठेच लिहिले गेले नाही, म्हणून ते रस्त्यावर आले, असे आम्हाला वाटते.

उच्छ्वास ठेवणारे कारागीर पाण्याची गळती जाणत नव्हते असे नाही. तरी त्यांनी वाटेवर तोंडे ठेवली. नव्या वाहिनीला अशी तोंडे कशी ठेवायची, नदीला किती पाणी राखायचे, मधल्या गावांचा वाटा आधीच कसा ठरवायचा, हे अभियंत्यांनी आणि गावकऱ्यांनी एकत्र बसून सांगावे. शहराची तहानही खरीच आहे. एक दिवसाआड पाणी भरणारी बाई आणि मोटार कोरडी पडलेला शेतकरी एकमेकांचे शत्रू नाहीत. त्यांच्यामध्ये एक नळ आहे, एवढेच.

शेवटी त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर. नळ, पन्हळ, पाट की बोगदा? त्सिनोर हे सगळे झाला आहे, एकदा तर खंजीरही झाला आहे. भाषांतरकारांनी त्याला खंजीर केले, कारण त्यांना लढाई दिसत होती आणि पाणी दिसत नव्हते. आपल्याकडे ऑगस्ट 2011 नंतर कित्येक दिवस वर्तमानपत्रांतही लढाईच दिसत होती. पाण्याबद्दल बोलायचे राहूनच गेले.

ते बोलणे आता तरी सुरू व्हावे, म्हणून आजचा हा शब्द निवडला.  प्रश्न असतील तर जरूर विचारा. मागच्या वेळसारखे उत्तर आले नाही, तर आम्ही पुढच्या खेपेला घेऊन येऊ.